योगाच्या बातम्यांत रोजचा अभ्यास कुठे आहे?

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

दरवर्षी २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिन जवळ आला की वृत्तपत्रांत योगाभ्यासाला मानाचे पान मिळते. मैदानात एकाच वेळी ताडासनात उभे राहिलेले शेकडो लोक, मान्यवरांची भाषणे, पाहूनच धडकी भरावी अशा आसनांची छायाचित्रे, हे सारे दुसऱ्या दिवशीच्या अंकात असते. त्यानंतर वर्षभर हा विषय डोकावतो तो बहुधा एखाद्या दुर्धर रोगावरील रामबाण उपायाच्या दाव्यापुरता. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ११ डिसेंबर २०१४ रोजी हा दिवस घोषित केला आणि १७७ देशांनी त्या ठरावाचे सहपुरस्कर्ते होणे पसंत केले, याचे समाधान मलाही आहे. तक्रार त्या दिवसाविषयी नाही. ज्या अभ्यासावर योगाचा सारा परिणाम अवलंबून आहे, तो घरच्या सतरंजीवर, कोणाचेही लक्ष नसताना होणारा रोजचा अभ्यास आपल्या लिखाणातून जवळजवळ वगळला जातो, एवढेच या पत्राद्वारे निदर्शनास आणावयाचे आहे.

पतंजलींच्या योगसूत्रांत आसनांना किती जागा आहे हे पाहिले तर आजच्या छायाचित्रांचे प्रमाण किती उलटे आहे ते ध्यानात येते. सुमारे १९५ सूत्रांपैकी प्रत्यक्ष आसनाविषयीची सूत्रे अवघी तीन आहेत, आणि त्यांतही एकाही आसनाचे वर्णन नाही. बैठक स्थिर आणि सुखाची असावी, तिच्यातील ओढाताण सैल व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. याउलट अभ्यास कसा असावा हे पहिल्याच पादात, म्हणजे प्रकरणात, नेमकेपणाने सांगितले आहे. तो दीर्घ काळ, खंड न पडू देता आणि आदरपूर्वक केला तरच पक्का होतो. शरीर किती वाकते याला या कसोटीत स्थान नाही. ज्याचे हात पायाच्या अंगठ्यापर्यंत कधीच पोहोचणार नाहीत, असा मनुष्यही या कसोटीला पूर्ण उतरू शकतो.

रोजच्या अभ्यासाचा फायदा मुख्यतः कशातून होतो, हे श्वासाच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ मनुष्य मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. श्वास आत घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना किंचित मंदावतात. मेंदूकडून हृदयाकडे येणारी व्हेगस ही मज्जातंतू या चढउताराचे नियमन करते. रेचक (श्वास सोडणे) पूरकापेक्षा (श्वास घेण्यापेक्षा) लांबवला आणि श्वासाची गती मिनिटाला सहाच्या आसपास आणली, तर शरीराला शांतावणाऱ्या याच यंत्रणेचा प्रभाव वाढतो. अनुलोम-विलोम किंवा भ्रामरी केल्यावर लगेच हलके वाटते त्यामागे हेही एक कारण आहे. मात्र त्या हलकेपणाचा अंमल फार काळ टिकत नाही. रागाच्या किंवा धास्तीच्या ऐन क्षणी श्वास आपणहून लांबवता यावा, इतकी सवय अंगवळणी पडायची असेल तर ती शांत वेळी, रोज, कंटाळा येईल इतक्या वेळा गिरवावी लागते. (कंटाळा येतो, हे योगवर्गांच्या जाहिराती कधी सांगत नाहीत, तो येतोच, आणि तो आला तरी बसणे हा अभ्यासाचाच भाग आहे.)

योगाची प्रयोगशाळेत पारख करण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू करून उड्डियान, नौली यांसारख्या पोटाच्या क्रियांच्या वेळी शरीरात होणारे बदल उपकरणांच्या साहाय्याने तपासले. पुढे १९६९ मध्ये मुंबईतील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. के. के. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना नियमितपणे शवासन करावयास लावून त्याचे निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकात मांडले. अनेकांचा रक्तदाब उतरला किंवा औषधाची मात्रा कमी करता आली. सर्वांनाच सारखा उपयोग झाला असे मात्र नाही. या कामाची मला सर्वांत भावणारी बाजू म्हणजे त्यातील संयम. आसनांपैकी सर्वांत सोपे दिसणारे आसन निवडले, ते देखरेखीखाली शिकवले, औषधे चालू-बंद करण्याचा निर्णय डॉक्टरांकडेच ठेवला आणि जेवढे आढळले तेवढेच सांगितले.

हा संयम आज विरळा झाला आहे. जुनाट कंबरदुखीत योगाभ्यासाने वेदना आणि हालचाल यांत काही प्रमाणात सुधारणा होते, असे आजवरच्या चाचण्यांचे एकत्रित परीक्षण सांगते, आणि अमेरिकेतील वैद्यांच्या प्रमुख संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत औषधांआधी करून पाहावयाच्या उपायांत योगाचा समावेश केला. 'काही प्रमाणात' हे दोन शब्द मथळ्यात आकर्षक दिसत नाहीत, हे मान्य. पण त्यांच्या जागी 'हमखास' आले की मधुमेहाचा रुग्ण गोळ्या बंद करून कपालभाती सुरू करतो, आणि त्याचे परिणाम त्याच्या कुटुंबाला भोगावे लागतात. काचबिंदू असलेल्याने शीर्षासन केल्यास डोळ्यातील दाब वाढतो. अनियंत्रित रक्तदाब असताना किंवा गरोदरपणी कपालभातीसारख्या जोरकस क्रिया वर्ज्य मानल्या जातात. अशा सूचना आसनाच्या छायाचित्राखाली क्वचितच छापल्या जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सुचवते. संथ आसने आणि प्राणायाम यांतून तेवढे श्रम होतीलच असे नाही, म्हणून चालणे सोडून देऊ नये, हेही योगप्रेमींनीच सांगावयास हवे.

मनःशांतीविषयी तर याहून अधिक गैरसमज आहेत. डोळे मिटले की विचार थांबले पाहिजेत अशा समजुतीने बसणारी व्यक्ती आठवडाभरात 'मला हे जमत नाही' म्हणून उठते. प्रत्यक्षात सुरुवातीला विचार वाढल्यासारखेच वाटतात, कारण एरवी गडबडीत ते दिसतच नसतात. लक्ष श्वासावरून सुटले हे ध्यानात येणे आणि कुरकुर न करता ते परत आणणे, एवढेच काम असते, आणि ते पुन्हा पुन्हा करावयाचे असते. त्याच्या जोडीला पतंजलींनी सुखी माणसाशी मैत्री, दुःखिताविषयी करुणा, सत्कृत्य करणाऱ्याविषयी आनंद आणि दुष्कृत्याविषयी उपेक्षा बाळगण्यास सांगितले आहे, तेही चित्त प्रसन्न राहावे म्हणून. शेजाऱ्याच्या उत्कर्षाने पोटात दुखत असेल तर पहाटेचे प्राणायाम कितीही काटेकोर असले तरी मन निवत नाही, हा अनुभव फार थोड्या योगसाधकांना अपरिचित असेल. यमनियमांना, म्हणजे वागणुकीच्या आणि स्वतःच्या शिस्तीच्या नियमांना, आसनांच्या आधी स्थान का दिले, याचे उत्तर मला तरी येथे सापडते.

राहिला वेळेचा प्रश्न. रविवारी एकदम दीड तास घाम गाळण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे माझ्या मते अधिक उपयोगी ठरतात. मार्जारासन, भुजंगासन यांसारखी पाठीचा कणा मोकळा करणारी दोन-तीन आसने, थोडा प्राणायाम आणि शेवटी शवासन एवढे त्यात बसते. शवासन वेळ उरला तर करावयाचे, अशी सर्रास प्रथा आहे. वेळ कमी असेल तेव्हा आसन एखादे गाळावे, शवासन नव्हे. ज्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही त्यांनी खुर्चीत बसून खांद्यांच्या हालचाली आणि श्वासाचा अभ्यास केल्यास त्यात कोणताही कमीपणा नाही.

म्हणून आपल्याला विनंती अशी की, जूनमधील पुरवणीतील थोडी जागा कमी झाली तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा योगाभ्यासावर छोटे सदर चालवावे. ते प्रशिक्षित योगशिक्षक आणि डॉक्टर यांनी मिळून लिहावे. प्रत्येक आसनाबरोबर ते कोणी करू नये हे त्याच टंकात, तेवढ्याच ठळकपणे छापावे. आणि छायाचित्रांत लवचीक तरुणांच्या बरोबरीने गुडघे कुरकुरणाऱ्या, पोट सुटलेल्या, पांढऱ्या केसांच्या साधकांनाही स्थान द्यावे. रोग बरा केल्याचा दावा प्रसिद्धीसाठी आला तर तो किती रुग्णांवर, किती काळ आणि कोणाच्या देखरेखीखाली तपासला, एवढे तीन प्रश्न आपल्या वार्ताहरांनी विचारावेत, आणि उत्तरे मिळाली नाहीत तर ती बातमी बाजूला ठेवावी.

कळावे,

आपली एक नियमित वाचक