बिघडलेल्या गाडीमागे सगळा ताफा थांबवू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीच्या दिवशी जुन्या जीपगाड्यांचे ताफे कसारा आणि माळशेज घाटांत रस्ता अडवून उभे असतात, तेव्हा अशा गाड्यांना घाटात येऊच देऊ नये, अशा आशयाचे पत्र आपल्या दैनिकातील वाचकांच्या सदरात नुकतेच वाचले. अशाच एका ताफ्यात मी गेली अनेक वर्षे गाडी चालवत असल्यामुळे त्या पत्राला उत्तर देणे मला माझे कर्तव्य वाटते. पत्रलेखकांची तक्रार मला पूर्णपणे मान्य आहे. त्यांनी सुचवलेला उपाय मात्र मान्य नाही. आमच्या गाड्या वाटेत बिघडतात हे खरे आहे, परंतु बिघाडापेक्षा कितीतरी अधिक धोका ती बिघडलेली गाडी कुठे थांबते आणि तिच्यामागे कोण कोण थांबते यात असतो.

या गाड्या आम्ही घरी जोडलेल्या आहेत. कोणी भंगारातून सांगाडा उचलला आहे, कोणी हरयाणातल्या डबवालीहून नवी बॉडी मागवली आहे, कोणी मुंबईच्या जुन्या बाजारात वर्षभर खेटे घालून गिअरबॉक्स मिळवला आहे, आणि जो भाग कुठेच मिळाला नाही तो वागळे इस्टेटमधल्या एखाद्या लेथवाल्याकडून करून घेतला आहे. ब्रिटनमध्ये याच छंदाला कारखान्यांनीच रूप दिले. 1957 मध्ये आलेली ‘लोटस सेव्हन’ ही छोटी गाडी सुट्या भागांच्या संचाच्या रूपात विकत मिळे, कारण पूर्ण गाडीवर लागणारा खरेदीकर सुट्या भागांवर लागत नसे. ग्राहक ती आपल्या घरी जोडून रस्त्यावर आणी. 1973 मध्ये तिथे मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपली, पण छंद टिकला. आज तिथे घरी जोडलेल्या गाडीची अधिकाऱ्यांकडून सविस्तर तपासणी झाल्याशिवाय तिला नंबर मिळत नाही. आपल्याकडे मूळ गाडीची नोंदणी आधीच झालेली असते. पंधरा वर्षांनंतर तिचे नूतनीकरण करावे लागते, पर्यावरण कर भरावा लागतो, आणि मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना स्पष्ट केले आहे. आमच्या गटातील सर्वांची कागदपत्रे व्यवस्थित आहेत. परंतु कागद व्यवस्थित असल्याने चाकाचा नट घट्ट बसत नाही.

गेल्या मे महिन्यातील एका रविवारी आम्ही सात जीप घेऊन ठाण्याहून भंडारदऱ्याला निघालो. पाच पेट्रोलवरच्या आणि दोन डिझेलवरच्या. सोबत बायका-मुले धरून तेवीस माणसे. ऊन चढण्याआधी कसारा घाट चढून जायचा, या हेतूने पहाटे साडेपाचला माजिवड्याहून हललो. ठाण्यापासून तीसएक किलोमीटरवर पडघ्याला चहा घेतला, आणि निघताना पहिली अडचण आली. ऐरोलीच्या एका मित्राने नुकतीच जोडून पूर्ण केलेली जीप सुरू होईना. स्टार्टर अगदी मरगळल्यासारखा फिरत होता. त्याने दुसऱ्यांदा बटण दाबले, आणि डॅशबोर्डातून धूर आला. चोकची, म्हणजे थंड इंजिन सुरू करताना ओढायच्या खुंटीची, तार इतकी तापली होती की तिच्यावरचे प्लास्टिकचे आवरण वितळून त्याच्या बोटाला चिकटले. बॅटरी बदलण्याचा सल्ला तिथे जमलेल्या प्रत्येकाने दिला. बॅटरी उत्तम होती. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याचा सांगाड्याशी विद्युत संबंध राहत नाही. तो संबंध जोडणारी तांब्याची विणलेली पट्टी, जिला आम्ही अर्थिंग म्हणतो, ती जोडणीच्या गडबडीत लावायचीच राहून गेली होती. स्टार्टरचा सगळा प्रवाह परतीची वाट शोधत चोकच्या बारीक तारेतून जात होता. कळव्याच्या आमच्या एका ज्येष्ठ सदस्याने, जे आयुष्यभर फिटर होते, सांगाड्यावरचा नवा कोरा रंग कानशीने घासून दोन बोटांएवढा लोखंडाचा चकचकीत भाग उघडा केला आणि जाड वायरीचा तुकडा इंजिनपासून तिथवर बोल्टने आवळला. पहिल्याच प्रयत्नात इंजिन सुरू झाले. ज्या गाड्यांची बॉडी फायबरग्लासची असते त्यांत हा दोष आणखी वारंवार येतो, कारण फायबरमधून वीज वाहत नाही आणि प्रत्येक दिव्यासाठी अर्थिंगची वायर वेगळी ओढावी लागते. आमच्या जीपमध्ये तोच प्रकार जाड रंगाने केला होता.

या दुरुस्तीत पाऊण तास गेला. पुढे शहापूर ओलांडल्यावर दुसऱ्या जीपचे डावीकडचे मागचे चाक पंक्चर झाले. ही घटना मी मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण जुन्या जीप चालवणाऱ्या प्रत्येकाने ती ध्यानात ठेवावी असे मला मनापासून वाटते. जुन्या विलीज बनावटीच्या जीपमध्ये डाव्या बाजूच्या चाकांच्या स्टडचे, म्हणजे चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या बोल्टांचे, आटे उलटे असत. चाकाच्या फिरण्याने नट सैल होऊ नयेत, हा त्यामागचा हेतू. स्टडच्या टोकावर त्यासाठी इंग्रजी ‘एल’ कोरलेला असतो. मालकाला हे ठाऊक होते, म्हणून त्यांनी पंक्चरवाल्या मुलाला पान्हा उलट्या दिशेने फिरवायला सांगितले. नट हलेना. मुलाने पान्ह्याला लोखंडी पाइप लावून त्यावर पाय दिला, तेव्हा पहिला स्टड तुटला. दुसऱ्या नटावर पुन्हा तसेच झाले. मग आमच्या फिटरकाकांनी खाली बसून स्टडच्या टोकांवरची धूळ अंगठ्याने पुसली आणि म्हणाले, “अहो, याच्यावर ‘एल’ नाहीच. हे सुलट आट्याचं आहे.” पुढच्या डाव्या चाकाचे आटे उलटे होते आणि मागच्या डाव्या चाकाचे सुलट, कारण मागचा अ‍ॅक्सल, म्हणजे मागची दोन्ही चाके ज्यावर बसतात तो दांडा, दुसऱ्याच कुठल्यातरी गाडीचा होता. नट आवळण्याच्या दिशेने ते दोघे जोर लावत होते. पाचपैकी तीन स्टडवर चाक बसवून शहापूरला परत जायचे, तिथे नवे स्टड बसवायचे, यात दीड तास गेला. गाडी जोडताना ज्यांनी तो अ‍ॅक्सल बसवला, त्यांनी चाकाशेजारी पांढऱ्या रंगाने एक बाण काढून ठेवला असता तरी पुरे होते.

या दोन दुरुस्त्यांमुळे भर दुपारी बारा वाजता आम्ही कसारा घाटाच्या पायथ्याशी पोहोचलो. मी इतके तपशील सांगतो आहे ते याचसाठी, की घाटात पुढे जे घडले त्याचे मूळ सकाळच्या या दोन चुकांत होते. थंड हवेत जी जीप घाट सहज चढली असती, ती मे महिन्याच्या दुपारी, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, ट्रकच्या रांगेमागे चढत होती. जुन्या पेट्रोल जीपमध्ये पेट्रोल खेचणारा पंप इंजिनालाच जोडलेला असतो. इंजिन फार तापले की पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप नुसती वाफ खेचत राहतो, आणि कार्ब्युरेटरला थेंबभरही पेट्रोल पोहोचत नाही. ताफ्यातील तिसरी जीप दोन गचके देऊन अशीच बंद पडली, आणि ती बंद पडली ती एका आंधळ्या वळणाच्या लगेच पुढे.

इलाज सोपा आहे. पंपावर आणि नळीवर ओले फडके गुंडाळायचे, बॉनेट उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे वाट पाहायची. गाडी सुरू होते. हा इलाज आम्हां सर्वांना तोंडपाठ होता, आणि म्हणूनच आम्ही सर्वजण थांबलो. मागच्या चार गाड्या तिच्या मागे ओळीने उभ्या राहिल्या. पुढच्या दोघी थोड्या अंतरावर थांबल्या आणि त्यांतील माणसे पाण्याच्या बाटल्या घेऊन पायी मागे आली. कोणी फडके ओले करत होते, कोणी फोटो काढत होते, मुले दोन गाड्यांच्या मधल्या जागेत सावलीला उभी होती. आमची शेवटची जीप वळणाच्या आत होती, म्हणजे खालून येणाऱ्याला ती अगदी जवळ येईपर्यंत दिसणार नव्हती. खालून एक कंटेनर आला. त्याच्या चालकाने करकचून ब्रेक लावले, टायर रस्त्यावर घासल्याचा आवाज आणि जळक्या रबराचा वास एकदमच आला, आणि तो कंटेनर आमच्या शेवटच्या जीपच्या मागच्या स्टेपनीपासून हातभर अंतरावर थांबला. त्या जीपच्या पुढे माझी जीप होती, आणि त्या दोघींच्या मध्ये माझी आठ वर्षांची पुतणी उभी होती.

कंटेनरचा क्लीनर आम्हाला एक शब्दही न बोलता खाली उतरला, कडेच्या झुडपाच्या तीन फांद्या मोडल्या आणि वळणाच्या बराच अलीकडे जाऊन रस्त्यावर अंतराअंतराने टाकून आला. आमच्या सातही गाड्यांत लाल परावर्तक त्रिकोण होते. ते सीटखाली, पिशवीत बांधलेले होते.

पत्रलेखकांना मी हेच सांगू इच्छितो. त्या दिवशी पेट्रोलची वाफ झाली म्हणून कोणाचा जीव धोक्यात आला नव्हता. एक गाडी डोंगराच्या कडेला चिकटून उभी राहिली असती, तिच्यापाशी दोन माणसे थांबली असती आणि बाकीच्या सहा गाड्या घाट चढून इगतपुरीला जाऊन थांबल्या असत्या, तर त्या कंटेनरला ब्रेक लावण्याचे कारणच पडले नसते. सोबत म्हणून थांबण्याची आपल्याकडची रीत चांगली आहे, अडचणीतल्या माणसाला एकटे सोडू नये हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते. पण घाटरस्त्यावर हीच सोबत सर्वांच्या मुळावर येऊ शकते. कायदाही याबाबत संदिग्ध नाही. इतरांना धोका होईल अशा ठिकाणी वाहन उभे ठेवण्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम 122 ने मनाई आहे, आणि तिथे नवी गाडी आणि जुनी गाडी असा भेद केलेला नाही.

त्यानंतर आम्ही आमची पद्धत बदलली. सहलीच्या आधीच्या रविवारी सर्व गाड्या एका मैदानात आणतो आणि प्रत्येक गाडी तिच्या मालकाऐवजी दुसऱ्याने तपासायची असा दंडक ठेवला आहे, कारण स्वतः आवळलेला नट माणसाला नेहमी घट्टच वाटतो. आवळलेल्या प्रत्येक महत्त्वाच्या नटावर रंगाची एक रेघ ओढतो. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला, हे लांबूनही कळते. निघाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरच्या आत, महामार्गापासून आत असलेल्या मोकळ्या जागेत थांबून चाके पुन्हा आवळतो. जुन्या जीपच्या ब्रेकला एकच सर्किट असते, एका चाकाचा सिलिंडर गळू लागला की चारही चाकांचा ब्रेक जातो, म्हणून ब्रेक ऑइलची पातळी रोज सकाळी पाहतो आणि उतारावर गाडी कधीही न्यूट्रल करत नाही. फिटरकाका सर्वांत मागच्या जीपमध्ये बसतात. कुठलीही गाडी बंद पडली तर फक्त तीच मागची जीप थांबते, तीही वळणाच्या अलीकडे, मागून येणाऱ्याला लांबून दिसेल अशी, धोक्याचे दिवे लावून. उरलेले सर्वजण पुढच्या ठरलेल्या ठिकाणापर्यंत जातात. दुरुस्ती वीस मिनिटांत झाली नाही तर टोचन लावून गाडी हलवायची, आणि तेही जमत नसेल तर महामार्गाच्या 1033 या मदत क्रमांकावर फोन करायचा. जागच्या जागी इंजिन खोलत बसायचे नाही. गेल्या डिसेंबरात माळशेजमार्गे जुन्नरला जाताना एका जीपचा फॅनबेल्ट टोकावड्याच्या पुढे तुटला, पाणी उकळले, आणि तरीही रस्त्यावर दोनच गाड्या उभ्या होत्या.

एक मागणी मात्र आम्हा छंदिष्टांच्या हातात नाही. कसारा घाटात चढाच्या बाजूला, लतिफवाडी सोडल्यावर, बंद पडलेले वाहन रस्त्याबाहेर घेता येईल अशा पुरेशा रुंद जागा हव्यात, आणि जिथे त्या आहेत तिथे पुढची जागा किती अंतरावर आहे हे सांगणारे फलक हवेत. ही गरज आमच्या सात जीपची नाही. घाटात रोज ट्रक तापतात, एसटीचे टायर पंक्चर होतात, कुटुंबे घेऊन निघालेल्या नव्या मोटारींचेही क्लच जळतात. पुढे चारशे मीटरवर थांबायला जागा आहे हे माहीत असेल, तर गचके खाणारी गाडी चालक तेवढे अंतर कशीबशी ओढतोच. महामार्गाची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रणेने पावसाळ्यापूर्वीच्या कामांत या जागांची पाहणी करून घ्यावी, ही विनंती आपल्या दैनिकाच्या माध्यमातून करत आहे.

आपला नम्र,
एक वाचक,
नौपाडा, ठाणे (पश्चिम)