जीवधनचा वाद अजून मिटलेला नाही

कोथरूड, पुणे
२७ जुलै २०२५, रविवार रात्र

प्रिय नीलू,

तुझ्या मेलांना उत्तर नाही, वाढदिवसाला नुसता केकचा स्टिकर पाठवला, हे सगळं खरं. शिव्या फोनवर दे. आत्ता फक्त ऐक, कारण हे वर्षाला सांगितलं तर ती "अगंबाई" म्हणेल आणि श्रीला सांगितलं तर तो पेपर तोंडासमोर धरेल. तब्येती ठीक. माझे गुडघे, श्रीचा मोतीबिंदू, आईचं विसरणं, सगळं जिथल्या तिथे आहे.

मागच्या शनिवारी रात्री पावणेआठला आमच्या केतनचा, त्याच्या रेस्क्यू ग्रुपचा फोन वाजला. तो वाजला की आमच्याकडे आता एक रीतच पडली आहे. श्री टीव्हीचा आवाज कमी करतो, मी थर्मास काढते, आणि कोणी काही बोलत नाही. तोरण्यावर दोन पोरं अडकली होती. झुंजार माचीच्या खाली, वाट सोडून, कुठल्याशा 'कोणी न पाहिलेल्या' जागी व्हिडिओ काढायला उतरली आणि वरून पाऊस आला. ओला कातळ. वर चढता येईना, खाली बघवेना. त्यांनी ११२ लावला, तिथून पोलीस, पोलिसांकडून ते गिर्यारोहकांचं रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर, आणि तिथून आमच्या डायनिंग टेबलावर, जिथे केतनच्या ताटात दुसरी पोळी नुकतीच पडली होती.

इथून पायथ्याचं वेल्हं साठेक किलोमीटर, पावसात दोन तास. मग गड. आपण दिवसाउजेडी, डबे खात आणि गाणी म्हणत चढलो होतो, तरी दिघ्याने वर पोचून आडवं पडून घेतलं होतं. ही मुलं रोप, हार्नेस, स्ट्रेचर पाठीवर घेऊन अंधारात चढतात. अडीचच्या सुमारास पोरं सापडली. अँकर लावून केतन खाली उतरला, दोघांना एकेक करून वर घेतलं. ओरखडासुद्धा नव्हता, नुसती कुडकुडत होती. पण त्यातल्या एकाचे पायच चालेनात. भीतीने होतं म्हणे असं. त्याला स्ट्रेचरवर घातला.

स्ट्रेचर म्हणजे काय ते मलाही केतनमुळे कळलं. मला वाटायचं, दोघं पुढे, दोघं मागे, झालं. तसं नसतं. सहा जण उचलतात, थोड्या थोड्या अंतरावर हात बदलावे लागतात, म्हणजे बदलीचे सहा, त्यांच्या बदलीचे सहा, आणि उताराला मागून रोपवर धरून सोडणारे वेगळे. एक धडधाकट पोरगा खाली आणायला वीसेक माणसं. त्यातली निम्मी पायथ्याच्या गावातली, ज्यांना सकाळी उठून भाताची लावणी करायची असते.

उतरताना वरून एक दगड सुटला आणि पक्याच्या खांद्यावर बसला. पक्या, अगं तोच, तू आलीस तेव्हा ज्याने तुझी बॅग रिक्षात विसरून मग तीच रिक्षा शोधून आणली होती. कॉलरबोन मोडलं. धनकवडीला गॅरेजमध्ये कामाला आहे, हात चालला तर पगार. दीड महिना हात गळ्यात. हॉस्पिटलच्या बिलासाठी ग्रुपमध्ये वर्गणी काढली, मीही दिली. ज्यांच्यासाठी गेले त्यांना ओरखडा नाही, आणि हा असा.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मंगळवारी त्या स्ट्रेचरवाल्या मुलाची आई पेढे घेऊन आली. इथलीच, कर्वेनगरची. बाई चांगली, डोळे सुजलेले, केतनचे हात हातात घेऊन रडली. मुलगा शेजारी बसलेला, फोन उलटा करून मांडीवर ठेवलेला. मी विचारलं, बाळा, आता बरं आहे ना? तर म्हणाला, "हो काकू. तसं आम्ही सकाळी उतरलोच असतो. उगाच एवढी माणसं आली."

नीले, पेढा घशात अडकला माझ्या. शब्दन् शब्द तुझा!

तू आता तिकडे बसून म्हणशील, सुरू झालं हिचं जीवधन. हो, झालं. १९८९चा ऑक्टोबर, जीवधन किल्ला, इंग्रजांनी सुरुंगाने उडवलेल्या त्या पायऱ्या, त्यांच्या खालचा तो टप्पा, अंधार, धुकं, वर्षा रडतेय, सर वर आहेत की खाली कुणाला पत्ता नाही. घाटघरचे मामा कंदील घेऊन आले, खांद्यावर गुरांचं दावं. माझं पाऊल स्वतःच्या तळहातावर घेऊन एकेका खाचेत ठेवलं त्यांनी. आणि खाली आल्यावर तू त्यांना म्हणालीस, "मामा, कशाला त्रास घेतलात, आम्ही सकाळी उतरलोच असतो." मामा नुसतं "व्हय की" म्हणाले. मग जुन्नरच्या स्टँडवर आपलं भांडण, की याला सुटका म्हणायचं की सोबत. तू म्हणे 'सोबत'. नारायणगावपर्यंत आपण एकमेकींशी बोललो नाही आणि दिघ्याने मधल्या सीटवर बसून दोघींचे शेंगदाणे खाल्ले.

तेव्हा मला वाटायचं हा तुझा माज आहे. परवा त्या मुलाकडे बघताना वाटलं, माज नव्हे, हे सगळ्यांचंच असतं. ज्याला उचलून आणलं त्याला आपल्याला उचलून आणलं हे कधी पटतच नाही. खाली आल्यावर कडा लहान दिसायला लागतो. म्हणून तो पुन्हा जातो. त्या पोराने गुरुवारी रील टाकलं, तोरण्याचं धुकं, ढोल-ताशा, 'मौत को छूकर' वगैरे. पक्याचा खांदा त्यात नाही. खाली लोकांनी विचारलंय, भावा, लोकेशन?

सोसायटीत यावरून जुंपली. जोशीकाकांचं म्हणणं, बिल पाठवा. एकेकाला पन्नास हजारांचं बिल गेलं की सगळे घरी बसतील. मला आधी पटलं, खोटं कशाला बोलू. तुझ्या अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरचा दाखलाही दिला मी: तिथे निष्काळजीपणे अडकलात तर सरकार सुटकेचा खर्च वसूल करू शकतं, आणि २५ डॉलरचं ते हाइक सेफ कार्ड आधी घेऊन ठेवलं तर निष्काळजीपणा माफ, पण बेदरकारपणा माफ नाही. (तू ते कार्ड घेतलंस हे कळलं तेव्हा मी इथे एकटीच हसले होते. जीवधनला कार्ड असतं तर?) जोशीकाका एकदम खूश. केतनने मात्र सगळ्यांसमोर मला गप्प केलं.

म्हणाला, आई, ती पोरं अडकली चारला. फोन केला साडेसातनंतर. का? बाबा ओरडतील म्हणून. उजेडाचे तीन तास त्यांनी बापाच्या भीतीत घालवले, म्हणून आम्हाला अंधारात चढावं लागलं, म्हणून पक्याला तो दगड दिसला नाही. त्यात पन्नास हजारांची भीती घाल. ती रात्रभर फोन करणार नाहीत, आणि सकाळी आम्ही स्ट्रेचर घेऊन जाऊ तेव्हा तो हलका वाटणार नाही.

यावर जोशीकाकांकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नाही. पण राग आहे, त्याचं काय करू?

कारण ही मुलं फक्त असल्यांसाठी जात असती तर मी केतनला केव्हाच दारात अडवला असता. उद्या आंबेनळी घाटातल्या अपघाताला सात वर्षं होतील. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ती बस दरीत कोसळली, तीसेक माणसं गेली. केतन तेव्हा नवशिका, वर रोप ओढायला होता. परत आला आणि दोन दिवस अंघोळीचं पाणी समोर घेऊन नुसता बसून राहायचा. मग २०२३ची इर्शाळवाडी, दरडीखाली गेलेली. तिथे तर रस्ताच नाही, यंत्र चढत नाही, सगळं चालत आणि हाताने. त्या चढावर नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचे एक अधिकारी हृदयविकाराने गेले. त्या वाडीतल्या माणसांची काय चूक होती? ती घरात झोपली होती. आणि मागच्या वर्षी लोणावळ्याला भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात वाहून गेलेलं हडपसरचं ते कुटुंब. तो व्हिडिओ मी अर्धाच पाहिला. तिथल्या शिवदुर्ग रेस्क्यू ग्रुपची मुलं, नौदलाचे पाणबुडे, सगळे शोधत होते. त्यानंतर कलेक्टरांनी मनाई आदेश काढले. पुढच्या रविवारी लोणावळ्याकडे गाड्यांची रांग होतीच.

माझा हिशेब असा आहे आणि तो मला कुणाला नीट सांगता येत नाही. ही पोरं म्हणजे काही आटत नाही अशी विहीर नव्हे. त्यांना नोकऱ्या आहेत, रजा मोजून आहेत, पाठी आहेत. रीलवाल्याला उचलण्यात जो खांदा मोडला तो पुढच्या इर्शाळवाडीला नसणार. हे मी केतनला म्हटलं तर तो म्हणतो, फोन आल्यावर आम्ही विचारत नाही की अडकलेला माणूस लायक आहे का. आणि वर म्हणतो, "तुम्हाला मामांनी विचारलं होतं का?" म्हणजे तुझ्याच बाजूचा आहे तो, मजा बघ. मी म्हटलं, तेव्हा आमच्या खिशात फोन नव्हते. तर म्हणे, खाली घाटघर आहे हे तर माहीत होतं ना?

मी एक उपाय काढला होता. ज्याला उचलून आणलं त्याने एक रविवार ग्रुपबरोबर सरावाला यायचं आणि वाळूची पोती भरलेलं स्ट्रेचर उचलायचं. केतन इतका हसला! म्हणाला, पाडतील गं, मग वाळू सोडवायला आम्हाला जावं लागेल.

खरी गोष्ट वेगळीच आहे आणि ती एवढ्या वेळ टाळते आहे. केतनचं जमतंय. मुलगी गोड, नाव ऋजुता, फोटो वेगळा पाठवते. तिचे वडील परवा येऊन गेले. चहा घेता घेता म्हणाले, ताई, हे रात्रीबेरात्री जाणं लग्नानंतर बंद होईल ना? श्री पेपर शोधायला लागला. मी काय बोलावं? "हो" म्हणायचं होतं, नीलू. तोंडापर्यंत आलं होतं. फोन वाजल्यावर दर वेळी पहाटेपर्यंत मी गॅलरीत असते. मुलगी तरी का राहील तशी? पण "हो" म्हटलं असतं तर त्याच रात्री मामांचं ते दावं डोळ्यांसमोर आलं असतं. त्यांच्याही घरी कोणीतरी दारात उभं असेलच की. आपण कधी विचारलं नाही. मी म्हटलं, त्यालाच विचारा. भित्रेपणा, माहीत आहे.

ऋजुताने मात्र मला स्वयंपाकघरात गाठून विचारलं, काकू, थर्मासमध्ये चहा नेतो की कॉफी? आता बाप आणि मुलीत कोण जिंकतं बघायचं.

तू केतनशी बोल. तो तुझं ऐकतो, का ते देवाला ठाऊक. जाऊ नको असं सांगू नकोस, ते मलाही नको आहे बहुधा. विमा काढ म्हणावं, सगळ्या ग्रुपचा, पक्यासारख्यांचा आधी. मी म्हटलं की "बघू" म्हणतो, श्रीसारखा.

तुझं काय? मीराचं ग्रॅज्युएशन छान झालं असणार, फोटोत तू साडी नेसली होतीस, तीच ना, लक्ष्मी रोडवरची, जी मला हवी होती. घराचं काम संपलं का? सतीशच्या पाठीला आता कसं आहे? डिसेंबरचं तिकीट काढलं असशील तर तारखा कळव, आणि आल्यावर जीवधन म्हणू नकोस. फार तर नाणेघाटापर्यंत गाडीने जाऊ, घाटघरला थांबू, मामांच्या घरचं कोणी भेटतं का बघू.

येताना हेडलॅम्प आण. चांगले, पावसात चालणारे, आणि बॅटरी जास्त टिकणारे. केतनचा पट्टा गाठ मारून चालवलाय आणि पक्याचा त्या रात्री दरीत गेला. चॉकलेटं नकोत, सगळ्यांना शुगर आहे. पैसे मी देणार आहे, आणि या वेळी नारायणगावपर्यंत गप्प बसायची माझी तयारी आहे.

तुझी,
विद्या