दहा थेंब अत्तराने मेणबत्ती सुगंधी होत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत घरच्या घरी सुगंधी मेणबत्ती करण्याची कृती वाचली. जुन्या मेणबत्त्यांचे तुकडे वितळवा, रंगासाठी मुलांचे मेणखडू घाला, देवघरातल्या कापसाची वात वळा, आवडत्या अत्तराचे दहा थेंब टाका आणि कटिंग चहाच्या ग्लासात ओता. वेळ अर्धा तास. शेवटी ‘गृहिणींसाठी फावल्या वेळातली कमाई’ हेही आलंच. फोटो फार देखणा होता. हे पत्र लिहायचं कारण एवढंच की या पाचही गोष्टी मी स्वतः करून बसले आहे आणि पाचही फसल्या आहेत.

परळच्या एका शाळेत मी सव्वीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होते. निवृत्त झाले त्याच वर्षी आमच्या सुनेने दिवाळीसाठी मेणबत्त्या करायचं मनावर घेतलं. लालबागच्या चाळीतली आमची खोली, त्यातला ओटा, एक इंडक्शन शेगडी आणि पोटमाळ्यावर साठवलेले ग्लास, एवढाच आमचा कारखाना. सून वास निवडते, गिऱ्हाइकांशी बोलते. मी वजन करते आणि वहीत लिहून ठेवते. थर्मामीटर माझा आहे. तो शाळेतून आणलेला नाही, पावती आहे.

आधी ग्लासाचं सांगते. कटिंगचा ग्लास वर रुंद आणि खाली निमुळता असतो. वात निवडताना आपण वरचं तोंड बघतो. पहिल्या दोन संध्याकाळी ती छान जळतेही. पण मेण खाली उतरलं की तीच वात त्या अरुंद जागेला जास्त जाड ठरते, ज्योत काचेच्या अंगाला येते आणि काच तापत राहते. पहिल्या दिवाळीत आम्ही मजल्यावर सगळ्यांना फराळाच्या ताटलीत एकेक मेणबत्ती ठेवून दिली होती. शेजारच्या वहिनींकडची रात्री साडेनऊला, टीव्हीच्या टेबलावर तडकली. ग्लास अजून ताटलीतच होता म्हणून टेबल वाचलं. वहिनी चकार शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी ताटली घासून, रिकामी द्यायची नाही म्हणून त्यात चार करंज्या घालून घेऊन आल्या. त्या करंज्या काही माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत.

तेव्हापासून आमच्याकडे फक्त सरळ भिंतीचा, जाड बुडाचा ग्लास. तळाशी बोटभर मेण उरलं की मेणबत्ती विझवायची, असं चिठ्ठीवर मराठीत लिहितो. मातीच्या पणतीत मेण ओतायची टूमही सध्या आहे. पण कच्ची पणती मेण पिते, आणि मेण प्यायलेली पणती कधी स्वतःच वातीसारखी पेट घेईल सांगता येत नाही. आतून नीट लेप दिलेली असेल तरच ती घ्यावी.

आता वात. मेणबत्तीत सगळ्यात स्वस्त वस्तू वात, आणि निम्म्याहून जास्त तक्रारी तिच्याच. समईतल्या वातीला तेल आयतं पातळ मिळतं. मेणबत्तीतल्या वातीला आधी आपल्या उष्णतेने मेण वितळवावं लागतं, मग ते वर ओढावं लागतं, मग जाळावं लागतं. हाताने वळलेली कापसाची वात हे काम एकसारखं करत नाही. कुठे घट्ट, कुठे सैल. ती काजळते, तिच्या टोकाला कोळशाची गोळी धरते आणि भिंतीवर काळा पट्टा उठतो. विणलेल्या वातीचं टोक जळताना जरा वाकतं, ज्योतीच्या कडेला जातं आणि तिथे जळून जातं. ही युक्ती 1825 च्या सुमाराला फ्रान्समध्ये कांबासेरेस नावाच्या माणसाने काढली. त्याआधी लोक कातरी घेऊन बसत आणि मधून मधून काजळी छाटत. आपण कापसाची वात वळून दोनशे वर्षं मागे जातो आणि त्याला घरगुती म्हणतो.

क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्ल्यांत वात मागितली की दुकानदार विचारतो, ‘किती इंची?’ सहा इंची, आठ इंची. ही लांबी झाली, आणि लांबी तर मी घरी कात्रीने कमी करू शकते. मला जाडी हवी असते. किती धाग्यांची, कशी विणलेली, किती व्यासाच्या ग्लासाला, ते पाकिटावर बहुधा नसतंच. म्हणून एकाच दुकानातून तीन जाडीच्या वाती आणायच्या, पाकिटावर स्वतः अ, ब, क लिहायचं आणि जाळून बघायचं. परीक्षा सोपी आहे. सात सेंटिमीटरच्या ग्लासात तीन तासांत वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं पाहिजे आणि त्याची खोली साधारण एक सेंटिमीटर असली पाहिजे. मध्येच विहीर पडून कडेला मेण राहिलं तर वात बारीक. ज्योत नाचते, धूर येतो, ग्लास हातात धरवत नाही, तर वात जाड. जाळण्याआधी वात दरवेळी पाव इंचावर कापायची आणि परीक्षेच्या वेळी पंखा बंद ठेवायचा. मे महिन्यात लालबागमध्ये तीन तास पंखा बंद ठेवून बसणं म्हणजे काय ते ज्याचं त्याला ठाऊक. दीडशे ग्रॅमची मेणबत्ती तासाला पाच-सहा ग्रॅम जळते. रोज तीन तास धरले तर एका वातीची परीक्षा संपायला आठ-नऊ संध्याकाळी जातात. तीन वातींचा हिशेब वाचकांनी करावा आणि त्यात तो अर्धा तास कुठे बसतो ते मला कळवावं.

मेणाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण त्याबद्दल फार बोललं जातं. सोया मेण, म्हणजे सोयाबीनच्या तेलाचं मेण, पवित्र आणि पॅराफिन म्हणजे विष, असं प्रदर्शनात येणारी प्रत्येक दुसरी बाई मला ऐकवते. पॅराफिन खनिज तेलातून निघतं हे खरं. पण काजळी येते ती अर्धवट ज्वलनाने, आणि वात चुकली तर सोयाही तितकंच काळं करतं. आमच्या मुंबईचा खरा प्रश्न निराळा आहे. ग्लासात ओतायचं सोया मेण पन्नास अंशांच्या आसपास वितळतं. एप्रिल-मे महिन्यात डिलिव्हरीवाल्याच्या पाठीवरच्या पिशवीत त्याला घाम फुटतो, वर तेलाचे थेंब येतात आणि गिऱ्हाईक म्हणतं जुना माल दिलात. पॅराफिन अठ्ठावन्न-साठ अंशांचं मिळतं, कडक असतं, पण थंड होताना आकसतं. वातीभोवती खड्डा पडतो आणि तो भरायला दुसऱ्यांदा ओतावं लागतं. आम्ही वजनाने सत्तर भाग सोया आणि तीस भाग पॅराफिन यावर येऊन थांबलो आणि चिठ्ठीवर तसंच छापतो. शंभर टक्के सोया लिहिलं असतं तर जास्त खपलं असतं, हे सुनेचं म्हणणं मला मान्य आहे. साच्यातल्या, स्वतःच्या पायावर उभ्या राहणाऱ्या मेणबत्तीला मात्र पॅराफिनच हवं, जोडीला मेण कडक करणारं थोडं स्टिअरिक अ‍ॅसिड. मोत माऊलीच्या, म्हणजे माउंट मेरीच्या, जत्रेत नवसाला वाहायला मिळणारे मेणाचे हात-पाय मऊ सोयाचे केले तर वांद्र्याच्या टेकडीवर पोचेपर्यंत बोटं वाकतील. स्टिअरिक घातलेलं मेण पितळेच्या पातेल्यात वितळवू नये, हिरवट होतं. सासूबाईंचं पातेलं घेऊन मी हा धडा शिकले.

जुने तुकडे एकत्र वितळवले की कोणतं मेण किती अंशांचं याचा पत्ता राहत नाही, मग वात कशाच्या आधारावर निवडणार? मेणखडूचा रंग मेणात विरघळत नाही. त्याचे कण वातीत अडकतात आणि ज्योत गुदमरते. मेणात विरघळणारे रंग वेगळे मिळतात, चिमूटभर पुरतात.

आणि ते दहा थेंब. दहा थेंब म्हणजे फार तर अर्धा मिलिलिटर. दीडशे ग्रॅम मेणात ते अर्धा टक्काही होत नाहीत. सोया मेणाला सुगंधी तेल वजनाने सहा ते दहा टक्के लागतं. आम्ही आठ टक्के घेतो, म्हणजे दीडशे ग्रॅमला बारा ग्रॅम. थेंब मोजायचे नाहीत, तेल वजनकाट्यावर ओतायचं. नुसतं पॅराफिन त्याहून कमी पितं, जास्त घातलं तर तेल बाहेर पाझरतं. पहिल्या घाण्यानंतर सून रडवेली होऊन म्हणाली होती, “अहो आई, मोगऱ्याचा वासच येत नाही हो.” कसा येणार? तेल घातलं होतं चमचाभर, तेही मेण उकळतं गरम असताना. ते तेव्हाच घरभर उडून गेलं. दोन दिवस चाळीला मोगऱ्याचा वास येत होता, मेणबत्तीला नाही. आता पंचाहत्तर ते ऐंशी अंशांवर तेल घालून दोन मिनिटं हळू ढवळतो आणि साठच्या आसपास ओततो. त्यानंतर झाकण लावून दहा-बारा दिवस हात लावायचा नाही. वास मेणात मुरायला तेवढे लागतात. म्हणून आमच्या दिवाळीच्या मेणबत्त्या घटस्थापनेलाच ओतून होतात.

तेल कोणतं घ्यावं, तर मेणबत्तीसाठी म्हणून विकतात तेच. अगरबत्तीचं तेल स्वस्त असतं, पण मेणात कसं वागेल याची खात्री नाही. मोहम्मद अली रोडवरचं अत्तर अंगाला लावायला उत्तम. मेणात ते महाग पडतं आणि दाट असेल तर वात तुंबवतं. फवाऱ्याच्या बाटलीतलं पर्फ्यूम मात्र कधीही घालू नये. त्यात अल्कोहोल असतं आणि गरम मेणाशेजारी ज्योत असली तर ते भडकतं. मोगरा म्हणून मिळतं ते जवळजवळ सगळं प्रयोगशाळेत जुळवलेलं असतं. खऱ्या मोगऱ्याचा अर्क मेणबत्तीत जाळण्याच्या किमतीला मिळत नाही. त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त नैसर्गिक म्हणून विकू नये. व्हॅनिलाच्या वासाने पांढरं मेण काही दिवसांत तपकिरी पडतं, ते बिघडलेलं नसतं. लिंबू-संत्र्याचे वास सगळ्यात आधी उडतात. आणि वास ज्योतीतून कमी, तिच्याभोवतीच्या वितळलेल्या तळ्यातून जास्त येतो. म्हणजे वात चुकली की तळं होत नाही, आणि महागडं तेलही वाया.

आपल्या कृतीत मेण पेटलं तर काय करायचं याबद्दल एक ओळ नव्हती. मेण थेट आचेवर ठेवू नये, पाण्याच्या पातेल्यात दुसरं भांडं ठेवून वितळवावं. पेटलंच तर शेगडी बंद करून वर झाकण टाकावं. पाणी ओतलं तर पेटतं मेण उसळून अंगावर येतं. शाळेत दरवर्षी पहिल्या तासाला आम्ही हे सांगत होतो. दहा बाय बाराच्या खोलीत, पडद्यापासून हातभर अंतरावर हा उद्योग करणाऱ्या बायका आपल्या वाचक आहेत.

तेव्हा विनंती अशी की हीच कृती पुन्हा छापाल, आणि दिवाळीआधी छापालच, तेव्हा थेंबांऐवजी ग्रॅम द्या, ग्लासाचा व्यास द्या, वातीची जाडी द्या आणि झाकणाची ती ओळ चौकटीत छापा. हवी असेल तर माझ्या वहीची झेरॉक्स पाठवते. अक्षर बरं आहे, फक्त काही पानांवर मेण सांडलेलं आहे.

आपली जुनी वाचक,
लालबाग, मुंबई