कलाइतिहासाचा तास कलाकृतीसमोर व्हावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की पुण्यात परदेशी शिक्षणाच्या मेळाव्यांना भर येतो. अभियांत्रिकी, व्यवस्थापन आणि संगणकशास्त्र यांची माहिती तिथे हवी तेवढी मिळते. चित्रकला किंवा कलेचा इतिहास शिकण्यासाठी बाहेर जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला मात्र ‘त्यात पुढे काय?’ हा प्रश्नच येतो. पुण्यात कलाशाखेची पदवी घेत असताना एक सत्र इटलीतील फ्लॉरेन्स शहरात शिकण्याची संधी मला मिळाली. तिथे गेल्यावर आपल्याकडच्या शिकवण्यातली जी उणीव मला जाणवली, तिच्याविषयी हे पत्र आहे.

आमच्या महाविद्यालयात कलाइतिहासाचा तास आठवड्यातून एकदा, खिडक्या बंद करून, पडद्यावर चित्रे दाखवून होत असे. चित्रकाराचे नाव, साल, शैली आणि चार वैशिष्ट्ये वहीत घ्यायची आणि परीक्षेत ‘टिपा लिहा’ या प्रश्नाखाली जशीच्या तशी उतरवायची, असा क्रम होता. शिक्षक मनापासून शिकवत, परंतु पडद्यावर सगळी चित्रे एकाच मापाची होतात. तळहातावर मावणारे लघुचित्र आणि भिंत व्यापणारे भित्तिचित्र यांत काही फरकच उरत नाही. इटालियन चित्रकार बोत्तिचेल्लीचे ‘व्हीनसचा जन्म’ हे चित्र मी पोस्टकार्डाएवढे पाहून पाठ केले होते. फ्लॉरेन्सच्या उफीझी संग्रहालयात ते पावणेतीन मीटरहून अधिक रुंद कापड म्हणून समोर आले, तेव्हा माझ्या वहीतल्या चार वैशिष्ट्यांपैकी एकही मला आठवले नाही.

फ्लॉरेन्समधला एक तास मला सविस्तर सांगावासा वाटतो. तिथल्या एका चर्चमध्ये ब्रांकाच्ची चॅपल नावाचे छोटे प्रार्थनास्थळ असून त्याच्या भिंतींवर मसाच्चोने १४२० च्या दशकात काढलेली चित्रे आहेत. आत एका वेळी मोजक्याच लोकांना, ठरावीक वेळापुरते सोडतात. आमच्या अध्यापिकांनी त्या वेळात व्याख्यान दिले नाही; ‘सांधा शोधा’ एवढेच त्या म्हणाल्या. ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर पाण्यात कालवलेला रंग लावला की गिलावा वाळताना हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी चुन्याचा संयोग होतो आणि रंगाचे कण त्यात कायमचे धरले जातात. म्हणून चित्रकार दिवसभरात रंगवून होईल एवढाच गिलावा सकाळी लिंपतो, आणि आजचा तुकडा कालच्या तुकड्याला जिथे भिडतो तिथे सांधा राहतो. या तुकड्याला इटालियन भाषेत ‘जोर्नाता’, म्हणजे एका दिवसाचे काम, म्हणतात. स्वर्गातून हाकलल्या गेलेल्या आदाम आणि ईव्ह यांच्या चित्रापुढे बराच वेळ मान वर करून पाहिल्यावर आकृतीच्या कडेने जाणारी केसाएवढी रेघ मला दिसली, आणि सहाशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाने आपले त्या दिवसाचे काम कुठे थांबवले हे कळले. याच दोन आकृतींवर सतराव्या शतकात संकोचापोटी पाने रंगवली गेली होती आणि १९८० च्या दशकातल्या सफाईत ती काढून टाकली गेली, ही गोष्टही तिथेच, भिंतीकडे बोट दाखवत, सांगितली गेली.

बाहेर आल्यावर अध्यापिकांनी मला सहज विचारले, ‘तुमच्याकडच्या अजिंठ्याला असे सांधे आहेत का?’ मी महाराष्ट्रातली, अजिंठा शाळेच्या सहलीत आणि पुढे अभ्यासक्रमात पाहिलेला, तरीही मला उत्तर देता आले नाही. माझ्या वहीत ‘अजिंठ्याची फ्रेस्को (म्हणजे ओल्या गिलाव्यावर रंगवलेली) चित्रे’ असा शब्दप्रयोग होता आणि त्यावर मला पूर्ण गुण मिळाले होते. प्रत्यक्षात अजिंठ्याचे तंत्र वेगळे आहे. तिथे खडकावर माती, तूस आणि वनस्पतींचे तंतू यांचा लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर चिकट द्रव्यात कालवलेले रंग असे काम आहे. हे मी परदेशी ग्रंथालयात बसून वाचले, याचे वाईट आजही वाटते.

परत आल्यानंतर एका रविवारी मी लोणावळा लोकलने मळवलीला उतरले आणि भाजे व कार्ले ही दोन्ही लेणी त्याच रीतीने, काहीही न वाचता, आधी नुसती पाहिली. भाज्याच्या चैत्यगृहातले, म्हणजे स्तूप असलेल्या प्रार्थनागृहातले, खांब आतल्या बाजूला किंचित कललेले आहेत. दगडात कोरलेल्या खांबाला कलण्याची गरज नसते. लाकडी बांधकामात छपराचा भार पेलण्यासाठी खांब कलते ठेवावे लागत आणि कोरणाऱ्यांच्या हाताला तीच सवय होती. कार्ल्याच्या छताखाली तर प्राचीन सागवानी कमानी अजून जागच्या जागी आहेत, आणि वैजयंती गावच्या भूतपाल या श्रेष्ठीपासून (व्यापाऱ्यापासून) धेनुकाकट गावच्या यवनांपर्यंत (त्या काळच्या भाषेत ग्रीकांपर्यंत) दात्यांची नावे ब्राह्मी लिपीत तिथे कोरलेली आहेत. पुण्याहून दीड-दोन तासांच्या अंतरावर हे सारे आहे आणि पदवीच्या तीन वर्षांत आमचा एकही तास तिथे झाला नाही.

शहरातच पाहायचे तर कवी ‘अज्ञातवासी’ म्हणजे दिनकर केळकर यांनी आयुष्यभर जमवलेल्या वीस हजारांहून अधिक वस्तू राजा दिनकर केळकर संग्रहालयाच्या संग्रहात आहेत. तिथल्या अडकित्त्यांच्या एकाच कपाटासमोर तासभर बसून घडण, धातू आणि वापराच्या खुणा यांवर लिहायला सांगितले, तर विद्यार्थी दहा टिपांपेक्षा अधिक शिकेल.

याचा अर्थ परदेशी जाऊ नये असा मुळीच नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी जरूर जावे, त्या देशाची भाषा निघण्यापूर्वी निदान वर्षभर शिकावी, आणि लंडनमधली अनेक मोठी सरकारी संग्रहालये विनामूल्य असतात, तर इटलीत सरकारी संग्रहालये महिन्याच्या पहिल्या रविवारी विनामूल्य खुली असतात, हे शिष्यवृत्तीत भागवणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. आपल्या कलेचाही मोठा भाग तिकडे आहे. सवाई माधवरावांच्या काळात पुण्यातल्या गंगाराम चिंतामण तांबट या चित्रकाराने पेशवे दरबारातील ब्रिटिश वकील (राजदूत) चार्ल्स मॅलेट याच्यासाठी वेरूळची रेखाटने केली, पेशव्यांच्या शिकारखान्यातला (प्राणिसंग्रहातला) गेंडाही १७९० मध्ये रंगवला. ही चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहात आहेत. तिथे पोचणाऱ्या पुण्याच्या विद्यार्थ्याला तांबटांचे नाव आधीपासून ठाऊक असावे, एवढी तरी अपेक्षा आपण आपल्या अभ्यासक्रमाकडून ठेवावी की नाही?

विद्यापीठाला आणि कलामहाविद्यालयांना माझी विनंती एवढीच आहे, की कलाइतिहासाच्या तासांपैकी निदान चौथा हिस्सा लेण्यांत, वाड्यांत आणि संग्रहालयांत घ्यावा, आणि परीक्षेत एक प्रश्न तरी असा असावा, ज्याचे उत्तर कलाकृतीसमोर उभे राहून लिहावे लागेल. पावसाळा ओसरल्यावर कोणी अध्यापक आपला वर्ग भाज्याला नेणार असतील, तर मी विनामोबदला सोबत येईन.

आपली विश्वासू,
एक माजी कला-विद्यार्थिनी
सदाशिव पेठ, पुणे