आघाताचा आलेख जुळला, तरी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझा आलेख पाहिला. तंतूंच्या थरांच्या कंपोझिट पॅनेलवरच्या आघाताच्या चाचणीची रेघ आणि तुझ्या संगणकी मॉडेलची रेघ अगदी एकमेकींवर बसल्यात. पण त्यासाठी तू सहा आकडे एकदम हलवलेस, ते मला खटकलं. ताकद थोडी वाढवून फ्रॅक्चर एनर्जी (भेग पुढे सरकायला लागणारी ऊर्जा) थोडी घटवली तरी जवळजवळ तीच रेघ येते. मग यातला कुठला आकडा खरा? थरांचा क्रम बदललास की हे मॉडेल भरकटेल.

प्रत्येक आकडा त्याच्या त्याच्या चाचणीतून घे. तंतूंच्या दिशेची ताकद ताणचाचणीतून, शिअरचा (तिरकं सरकण्याचा) वक्र ±४५ अंशांत तंतू असलेल्या पट्टीतून, थर सुटण्याची मोड-१ एनर्जी (भेग उघडतानाची) डीसीबीतून, म्हणजे भेग असलेली पट्टी फाकवण्याच्या चाचणीतून, मोड-२ ची (थर एकमेकांवर घसरतानाची) ईएनएफमधून, म्हणजे तशी पट्टी वाकवण्याच्या चाचणीतून. डीसीबीत हमखास फसायला होतं. भेगेच्या दोन्ही बाजूंना ० अंशाचे थर असल्याने मागे तंतूंचे पूल राहतात आणि भेग वाढेल तशी एनर्जी चढत जाते. तो वरचा सपाट आकडा घेऊ नकोस. पॅनेलमध्ये भेग वेगवेगळ्या कोनांच्या थरांमधून जाते, तिथे त्या पुलांचा भरवसा नाही. भेग सुरू होतानाचा आकडा घे.

आता मेश, म्हणजे मॉडेल ज्या छोट्या तुकड्यांत, एलिमेंटमध्ये, विभागलंय ती जाळी. तंतूंच्या आडव्या दिशेला ई (लवचिकतेचा गुणांक) ९,००० मेगापास्कल, ताकद ६० मेगापास्कल आणि फ्रॅक्चर एनर्जी ०.२८ न्यूटन प्रति मिलिमीटर धर. दोन गुणिले ई गुणिले एनर्जी, भागिले ताकदीचा वर्ग: १.४ मिलिमीटर. एलिमेंट याहून मोठं असलं, तर तुटण्याआधीच त्यात तुटायला लागते त्याहून जास्त ऊर्जा साठलेली असते आणि ताण-विकृतीचा वक्र मागे वळतो. आत दबलेल्या पातळ थरात शेजारचे थर भेगेला आवरतात, म्हणून त्याची ताकद वाढते. ती १६० धरलीस तर मर्यादा ०.२ मिलिमीटरवर येते! तुझी मेश १ मिलिमीटरची आहे.

थरांमधल्या कोहेसिव्ह एलिमेंटचंही (थरांचा जोड आणि त्याचं सुटणं दाखवणाऱ्या) तसंच. भेगेच्या टोकापुढे जोड सुटत असतो त्या पट्ट्यात किमान तीन एलिमेंट हवीत. ताकद निम्मी केली की पट्टा चौपट लांबतो आणि मोठ्या एलिमेंटची मेश चालून जाते. डीसीबीत भेग आधीच असते, तिथे ही युक्ती ठीक. आघातात भेग कधी, कुठे सुरू होते हेच तर शोधायचं असतं. तिथे निम्म्या ताकदीमुळे थर वेळेआधी सुटतात.

१००×१५० मिलिमीटरच्या प्लेटचा आघात आणि नंतरची दाबचाचणी कॅलिब्रेशनपासून (मॉडेलचे आकडे ठरवण्यापासून) लांब ठेव, त्या पडताळणीसाठी. नुसता बल-वेळ आलेख बघू नकोस. त्यात प्लेटचा कडकपणाच जास्त बोलतो. सी-स्कॅनवर (अल्ट्रासाउंडने काढलेल्या आतल्या चित्रावर) प्रत्येक थराखालच्या डिलॅमिनेशनचा (थर सुटलेल्या भागाचा) आकार आणि दिशा ताडून बघ.

पुढची रन लावण्याआधी डीसीबीच्या मूळ फाइली आणि पट्ट्यांची मोजलेली जाडी पाठव. वाकण्याच्या कडकपणात जाडीचा घन येतो. ३ मिलिमीटर लिहिलेली पट्टी ३.१ निघाली तर कडकपणा दहा टक्क्यांनी चुकतो.

तुझी,
आई