माधवीस, त्या हिरव्या खुणेबद्दल

प्रिय माधवी,

तब्येत ठीक, गुडघा तसाच. लिहितेय ते वेगळ्या कारणासाठी. हे तुलाच कळेल.

लहान मुलांमधली ऑटिझमची (स्वमग्नतेची) शंका ओळखणाऱ्या आमच्या टॅबची चाचणी पालघरकडच्या एका अंगणवाडीत चालू आहे. पडद्यावरचं अस्वल मुलांना प्रश्न विचारतं आणि उत्तराची वाट बघतं. परवा साडेतीन वर्षांचा एक मुलगा बसला. "तुला पाणी हवंय?" तो म्हणाला, "तुला पाणी हवंय?" "बाळ कुठंय?" "बाळ कुठंय?" अगदी अस्वलाच्याच सुरात, शेवटपर्यंत. प्रोग्रॅमनं शब्द ओळखले, उच्चार स्वच्छ ठरवले आणि हिरवी खूण दिली, म्हणजे सगळं ठीक. आई खूश. माझ्या पोटात गोळा! मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनरनं १९४३ साली ऑटिझमच्या अकरा मुलांबद्दल हेच तर लिहिलं होतं. अली यावर जंग वाचा-श्रवण संस्थेच्या कँटीनमध्ये तू ते माझ्याकडून घोकून घेतलंस, वर माझाच वडा खाल्लास.

दोन वर्षांचं मूल ऐकलेलं परत म्हणतंच, मान्य. पण साडेतीनला, प्रत्येक प्रश्नाला? टीमला शब्द आणखी अचूक ओळखायचेत. मी म्हणते, शब्द राहू द्या. मूल कुणाला उत्तर देतंय, किती वेळानं, वर बघतं का, ते मोजा. २०१० साली अमेरिकेत २३२ मुलांच्या घरातल्या दिवसभराच्या रेकॉर्डिंग्ज यंत्रानं तपासल्या, त्याही शब्द न ओळखता, नुसत्या आवाजाच्या घडणीवरून.

नावानं हाक मारल्यावर मूल वळतं का, त्या चाचणीचंही तेच. फॉर्मवर आरुष, घरी बाळ्या. यंत्रानं "आरुष" म्हटल्यावर तो कशाला वळेल? हाक आईनंच मारायला हवी. आणि "आधी कान तपासा!" यावरून तू बसस्टॉपवर माझ्याशी किती भांडली होतीस. आता ते आमच्या पहिल्याच पानावर आहे, समाधान झालं ना?

लाल खूण चुकली तर निदान कुणी तज्ज्ञ मुलाला बघतो. हिरवी चुकली तर आई निर्धास्त घरी जाते आणि थेरपीची ऐन वर्षं निघून जातात. म्हणून मला हिरवी खूणच नको आहे. "आत्ता दाखवा" किंवा "सहा महिन्यांनी पुन्हा बघू", एवढंच पडद्यावर यावं. त्या आईला मी थांबवलं, कानांच्या तपासणीसाठी डीईआयसीची, म्हणजे जिल्ह्याच्या लवकर-उपचार केंद्राची, चिठ्ठी दिली. ती रडली नाही, फक्त म्हणाली, "पण बोलतो की तो, ताई."

नव्या घराचं कळलं, ईशानच्या दहावीचंही. अभिनंदन! सविस्तर भेटीत.

पुढच्या आठवड्यात ये. रेकॉर्डिंग बाहेर पाठवणार नाही असा आयांना शब्द दिलाय, त्यामुळे तुलाच यावं लागेल. मुलांजवळ बस, मग टीमशी बोल. मला ते हट्टी म्हणतात. तुझ्यासमोर गप्प बसतील. वडे माझ्याकडून.

तुझी,
शुभा