एका स्क्रूसाठी आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

आमच्या घरी पोर्तुगीज सैन्याची एक जुनी क्रोपाचेक रायफल आहे. तिची किंमत करायला तुमच्याआधी तिघं येऊन गेले. एकानं ती हातातही न घेता ‘पोर्तुगीज माल, पाच लाख’ म्हणून टाकलं. दुसऱ्यानं मोबाईलवर परदेशातल्या लिलावांचे आकडे दाखवले. तिसरा तर दस्ता काचकागदानं घासून, वर वॉर्निश मारून, नळी बफ करून ‘नव्यासारखी’ करून द्यायला निघाला होता. त्याचं ऐकलं असतं तर काय गेलं असतं, हे तुम्ही दाखवलंत. त्या तिघांवरचा माझा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच तुमचे आभार असे जाहीर लिहितोय.

फोंड्याच्या त्या ओल्या दुपारी तुम्ही आलात आणि सगळ्यांत आधी बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा खिट्टा, उघडलात. चेंबर, म्हणजे काडतूस बसतं ती नळीतली जागा, रिकामं दिसलं तरी थांबला नाहीत. या रायफलीत नळीखाली, लाकडाच्या आत, आठ काडतुसांची लांब नळकांडी असते. चेंबर मोकळं असूनही तिच्यात एखादं काडतूस अडकलेलं असू शकतं. ती रिकामी असल्याची खात्री झाल्यावरच मुलांना जवळ येऊ दिलंत. आधीच्या एकानं नळी घरच्यांच्या दिशेनं रोखून धरली होती, त्याला हे सुचलंही नव्हतं.

मग ‘स्टायर’ हे ऑस्ट्रियातल्या कारखान्याचं नाव आणि १८८६ हे साल, ही ठशांची अक्षरं भिंगाखाली. अक्षरांच्या कडा धारदार असतील तर पृष्ठभाग मूळचा. बोथट असतील, किंवा गंजाच्या खड्ड्यांच्या आतही काळा रंग उतरलेला असेल, तर कुणीतरी आधी घासून मग रंगवलेली. लाकूड धातूच्या कडेपेक्षा किंचित वर उभं आहे, म्हणजे दस्त्यावर काचकागद चाललेला नाही, हे तुम्ही माझं बोट त्या कडेवरून फिरवून सांगितलंत. बोल्टवरचा आणि रायफलीवरचा क्रमांक जुळतो का ते पाहिलंत. नळीच्या आत मात्र खड्डे आहेत, तेही लपवलं नाहीत. सुरुवातीच्या काडतुसांत बंदुकीची काळी दारू असायची. तिची राख दमट हवा ओढून घेते, आणि आपल्या गोव्याच्या पावसाळ्यात ती नळीत राहिली की आतून खात जाते.

पण मनात घर करून राहिली ती वेगळीच गोष्ट. लाकडाखाली नळीला गंज किती आहे ते पाहायला ट्रिगर गार्डचा, म्हणजे घोड्याभोवतीच्या कड्याचा, मागचा स्क्रू काढायचा होता. घरातला स्क्रूड्रायव्हर खाचेत सैल बसला. तुम्ही तो एकदा टेकवलात आणि लगेच उचललात. ‘पातं जाड-बारीक असलं की घसरतं, खाचेच्या कडा उलटतात, आणि ती जखम कुणालाही लांबून दिसते,’ एवढंच म्हणालात. दुसऱ्या दिवशी पातं कानशीनं घासून, त्या खाचेच्या नेमक्या जाडीचं करून घेऊन आलात. स्क्रू हलेना तेव्हा तेलाचा एक थेंब सोडून दिवसभर थांबलात. संध्याकाळी तो असा सुटला की खाचेवर ओरखडाही नाही. एकशे तीसहून जास्त वर्षांच्या एका स्क्रूची एवढी कदर करणारा माणूस माणसांशीही असाच वागत असणार. अशी माणसं आजही आपल्या आजूबाजूला आहेत, ती मोठ्यानं बोलत नाहीत इतकंच.

किमतीचंही स्पष्ट सांगितलंत. शंभरी ओलांडलेली अशी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळे परदेशी लिलावाचा आकडा इथं कामाचा नाही. दुरुस्त होऊ शकणारी रायफल घेणाऱ्याला परवाना लागतोच, म्हणून गिऱ्हाईक मोजकेच. आणि ‘परवान्याची कटकट नको’ म्हणून नळीत वेल्डिंग करून शोपीस बनवलं तर तिची संग्रहातली किंमत गेली म्हणून समजा. आकडा पहिल्या माणसाच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. पहिल्यांदाच आम्हाला एक आकडा खरा वाटला.

पैसे घेतले नाहीत. जाताना एवढंच बजावलंत की चामड्याच्या गवसणीत ठेवू नका, ती ओल धरते. नळी खाली करून उभी ठेवा, म्हणजे तेल दस्त्याच्या मानेत मुरणार नाही.

तसंच ठेवलंय. आणि घासलेला तो स्क्रूड्रायव्हर तुम्ही इथंच विसरलात की मुद्दाम ठेवलात, कळत नाही. तोही तेलाच्या फडक्यात गुंडाळून तिच्याशेजारी ठेवलाय.

आपला,
तुमचा ऋणी